पल्लवीच्या खोलीतला कापूस

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्या डोक्यात फक्त संत्री होती. तेहतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता एकटीनं हिंडायचं, आणि जाहिरातीत नसलेल्या ठिकाणी हिंडायचं, मग त्याबद्दल लिहायचं. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात असले तरी तिथे घराघरात मराठी बोलतात, डिसेंबरात रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग असतात, एवढंच ऐकून होते. भाऊ म्हणाला, "तिथे काय बघणार?" म्हटलं, गेल्यावर कळेल.

समोरच्या बाकावर एक पोटुशी मुलगी आणि तिचे वडील बसले होते. सवय कुठे जाते? माझी नजर आधी तिच्या पावलांवर गेली. सुजली होती.

"कितवा?" मी विचारलं.

"नववा लागला जी."

"मग पाय खाली सोडून काय बसलीस? वर घे."

तिने वडिलांकडे बघितलं. ते हसून म्हणाले, "घे वं वर. बाई सांगून राहिल्या त."

अशी ओळख झाली. मुलगी पल्लवी. नवरा नागपूरकडे कारखान्यात, राहायला एक खोली, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली. वडील पुंडलिकराव खोडे, तिगावजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. पाच एकर कापूस, बांधाला संत्र्याची चाळीसेक झाडं. मी लॉजवर उतरणार म्हटल्यावर त्यांना ते अपमानासारखं वाटलं. "आमच्या झाडाची संत्री खाजा आन घरीच राहाजा. लॉजवर काय ठेवलं हाये?" म्हणाले. मी भिडस्त नाही. लगेच हो म्हटलं.

आमची गाडी तिगावला थांबत नव्हती, म्हणून पांढुर्ण्याला उतरून ऑटो केला. ऑटोवाल्याने माझा अवतार पाहून विचारलं, "गोटमार पाहाले आल्या का? ते त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते." जाम नदीच्या पुलावरून त्याने पलीकडचं सावरगाव दाखवलं आणि दोन्ही काठांवरची माणसं वर्षातून एकदा एकमेकांवर कसे दगड मारतात ते रंगवून सांगितलं. मी म्हटलं, मला आयुष्यभर डोकी शिवायला लागली आहेत, आता बघायची हौस नाही.

पुंडलिकरावांचं घर कौलारू, तीन खोल्यांचं. पुढचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. पुढची खोली पांढरी होती, छताच्या वाशापर्यंत. मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट ठेवली होती. मधली खोली तशीच. तिथे वाशाला पाळणा टांगायची कडी होती आणि कापूस तिच्या हातभर खालपर्यंत पोचला होता. स्वयंपाकघरात कांताबाई, म्हणजे पल्लवीची आई, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. नवराबायकोचं राहणं, जेवणं, झोपणं सगळं त्या एका खोलीत चाललं होतं.

पल्लवी मधल्या खोलीकडे बघत उभी राहिली. ती तिची बाळंतिणीची खोली. घरी यायच्या आत रिकामी होईल असं वडिलांनी फोनवर सांगितलं होतं.

"बाबा, हे काय जी?"

"होते होते. आठ दिवसांत खाली होते," पुंडलिकराव म्हणाले आणि बैल बघायला निघून गेले.

जेवायला ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि पाहुणी आली म्हणून सांबारवडी (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर). अशी कुरकुरीत वडी मी जन्मात खाल्ली नव्हती. पण जेवताना पल्लवी दंड खाजवत होती आणि कांताबाईंच्या मानेवर लाल चट्टे होते. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, त्यांनी अंग खाजतं. शिवाय तंतू उडतात. जेवताना ताटात, झोपताना नाकात.

"मग विकत का नाही?" मी विचारलं. शहरातल्या माणसाला सुचतो तसलाच हा प्रश्न.

पुंडलिकरावांनी शांतपणे समजावलं. पावसाळ्यात, कापूस अजून झाडावर असताना, दिल्लीने बाहेरदेशच्या कापसावरचं आयात शुल्क उठवलं. आधी थोड्या दिवसांसाठी, मग मुदत वाढवून वर्षाअखेरपर्यंत. गिरण्यांनी बाहेरचा कापूस मागवला. इकडे वेचणी सुरू झाली तेव्हा व्यापारी समर्थन मूल्याच्या (हमीभावाच्या) कितीतरी खाली मागू लागले. राहिलं सरकारी खरेदी केंद्र. तिथे मोबाईलवर नोंदणी करायची, नंबर यायची वाट बघायची. सगळं गावच वाट बघत होतं, म्हणून घरोघरी कापूस छताला लागला होता.

"गिरण्यांची बी अडचण असन जी," ते म्हणाले. "पन त्यायची अडचण आमच्या घरात आनून टाकली."

मी त्यांच्याइतकी समजूतदार नाही. मला त्या रात्री झोप आली नाही ती रागाने. असा निर्णय घेताना कुणी तरी कागदावर हिशेब मांडला असेल: गिरण्यांना एवढा फायदा, तिजोरीला एवढा तोटा. त्या कागदावर पल्लवीची खोली कुठल्या रकान्यात होती? अर्थसंकल्प म्हणजे फेब्रुवारीतलं भाषण असं मी समजत होते. तो वर्षभर चालतो. एक सही झाली की सीमेपलीकडच्या खेड्यात एका बाईला आपल्या लेकीचा पाळणा बांधायला जागा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकरावांच्या मोबाईलवर निरोप आला. पांढुर्ण्याच्या केंद्रावर नंबर लागत नव्हता, म्हणून सौंसरचं केंद्र निवडलं होतं. तिथला नंबर लागला, दोन दिवसांनंतरचा. ते गाडी ठरवायला आणि कागदपत्रं करायला बाहेर पडले आणि दोन दिवस जवळजवळ बाहेरच राहिले; रात्री अंधारात फक्त झोपायला येत.

आणि आता माझी करणी सांगते.

पल्लवीला खोकला लागला होता. नवव्या महिन्यात असा खोकला बरा नव्हे. एक उबळ आली की पोट धरून बसायची. मी कांताबाईंना म्हटलं, तंतू उडू द्यायचे नाहीत. घरातल्या सगळ्या चादरी, जुनी लुगडी काढा, भिजवून पिळा आणि ढिगावर पसरा.

कांताबाई हात पुसत उभ्या राहिल्या. "कापसाले ओलं चालत नाई, ताई."

"आणि पोरीला खोकला चालतो? मी तेहतीस वर्षं हेच केलंय. चादरी काढा."

त्यांनी काढल्या. पाहुणी, वयाने मोठी, त्यात नर्स. माझ्यापुढे त्या बोलणार काय? चादरी वाळल्या की आम्ही पुन्हा भिजवत होतो, दिवसातून चारपाचदा, दोन दिवस. खिडक्याही मी बंद करून घेतल्या, थंडी होती म्हणून. पल्लवीचा खोकला खरंच कमी झाला आणि मी स्वतःवर खूश झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो इथे दुसऱ्याचा बैल होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, कापूस गाडीत भरला. चादरी आदल्या संध्याकाळीच काढल्या होत्या. दवाचे दिवस, हात गार पडलेले, कुणाला ओल कळली नाही. मलाही सौंसर बघायचं होतं, म्हणून मी गाडीत पुढे बसले. मागे वळून पाहिलं तर कांताबाई रिकाम्या खोलीच्या दारात झाडू घेऊन उभ्या होत्या.

रस्ता सुंदर होता, हे लिहायला आज जिवावर येतं, पण होता. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, मध्ये पांढरी शेतं, वेचणीला निघालेल्या बायका. एका वळणावर पुंडलिकरावांनी गाडी थांबवून ढिगातली संत्री घेतली, सोलून पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. "घ्या. याच्यासाठी आल्या ना तुमी?" आंबटगोड, रसाने हात भरले. ते फार आनंदात होते. येताना चुना घेऊन जायचा, खोली पोतायची, पाळण्याच्या कडीला तेल द्यायचं, असं त्यांचं चाललं होतं.

सौंसरच्या केंद्रासमोर गाड्यांची लांब रांग होती. दुपारी आमचा नंबर आला. एका तरुण माणसाने ढिगात मीटरची सळई खुपसली, आकडा पाहिला, दुसरीकडे खुपसली, पुन्हा पाहिला.

"नमी ज्यादा है." नमी म्हणजे ओलावा. बारा टक्क्यांच्या वर असेल तर घेत नाहीत, आणि आमचा बराच वर होता.

"असं कसं? घरात ठेवला होता, साहेब," पुंडलिकराव म्हणाले.

तो माणूस हसला. "घर में रखा था तो पानी कहाँ से आया? वजन बढ़ाने के लिए मारा होगा."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. कापसावर पाणी मारणं म्हणजे या भागात चोरी. काही लोक करतात, सगळ्यांना माहीत असतं, आणि जो करतो त्याचं नाव गावात वेगळ्या सुरात घेतलं जातं. पुंडलिकरावांचा चेहरा मी पाहिला आणि तेव्हा माझ्या डोक्यात चादरी आल्या. त्याच्या आधी आल्या नव्हत्या, खरं सांगते.

मी पुढे झाले. मी नर्स आहे, मुलगी गरोदर आहे, ओल्या चादरी मी घातल्या, यांना ठाऊकही नव्हतं, सगळं एका दमात सांगितलं. माझं हिंदी रागात आणखी बिघडतं.

"मॅडम, यहाँ सब कुछ न कुछ बोलते हैं," तो म्हणाला. "गाड़ी हटाइए."

मी त्याच्यावर ओरडले. नियम तुझा असेल, पण या माणसाला चोर म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला, असं म्हणाले. पुंडलिकरावांनी माझ्या दंडाला हात लावला. "चाला, ताई." एवढंच.

फाटकाबाहेर व्यापारी उभे होतेच. कापूस परत न्यायचा, अंगणात वाळवायचा, पुन्हा नोंदणी, पुन्हा नंबर, असा एक रस्ता होता. तेवढे दिवस पल्लवीकडे नव्हते. पुंडलिकराव गाडीच्या चाकापाशी बसले, मग उठून एका व्यापाऱ्याकडे गेले. भाव त्याने सांगितला, यांनी मान हलवली. घासाघीससुद्धा केली नाही.

"फरक मी भरते. चूक माझी आहे," मी म्हणाले.

"लेकीसाठी चादरी घातल्या तुमी. त्याचे पैसे घेऊ का?"

परतताना त्यांनी चुना घेतला, ठरल्याप्रमाणे. घरी कांताबाईंना "इकला" एवढंच सांगितलं. चादरींचं मी सांगितलं. कांताबाई ऐकून घेऊन चहा टाकायला उठल्या. मला कुणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या. त्या घरात कुणी दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निघताना पिशवीभर संत्री दिली आणि पल्लवी पाया पडायला वाकू लागली तेव्हा मी तिला रागावून थांबवलं.

घरी आले. वर्ष संपलं त्या दिवशी सूटही संपली आणि बाहेरच्या कापसावर पुन्हा शुल्क बसलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी होत्या. भाव चढेपर्यंत थांबायला ज्यांच्या घरात जागा होती ते थांबले असतील. मी ते पान चुरगळून टाकलं आणि भावाशी उगीचच भांडले.

माझ्या चुकीचं ओझं मी घेते, पण सगळं माझ्याच डोक्यावर कुणी घालू नये. मी चादर भिजवली ती खोलीत कापूस होता म्हणून, आणि कापूस खोलीत होता तो दिल्लीने आणून ठेवला म्हणून. त्या सळईवाल्याने एक आकडा वाचला आणि माणूस ओळखला असं समजला. ज्यांनी सही केली त्यांना तर तेवढंही वाचावं लागलं नाही.

अर्थसंकल्पाच्या दिवशी रविवार होता. टीव्हीवर भाषण चालू होतं, भाऊ मन लावून ऐकत होता, आणि पुंडलिकरावांचा फोन आला. पल्लवीला मुलगी झाली होती, तीन आठवड्यांची होती, दोघी धडधाकट. मधल्या खोलीत पाळणा बांधला होता, त्याचा कर्रकर्र आवाज मला फोनवर ऐकू आला. मी विचारलं, तुम्ही कसे आहात?

"बरा हाये जी. कापूस गेला त्याचं काई नाई, पुढच्या साली पिकन. पन लाईनीत आमच्या गावचे दोघं होते. आता मंडीत गेलो त कोनी काई म्हनत नाई, पन पाहून राह्यते." ते थांबले. "तुमी परवासाचं लिहिता म्हने ना, ताई? त येवढं लिहाल का? माहं नाव घालून लिहा."

म्हणून संत्र्यांचं सोडून हे लिहिलं. पुंडलिकराव खोडे यांनी कापसावर पाणी मारलं नव्हतं.