लिस्बनची ती गल्ली मी पाहिलेली नाही

या सदरातले अनुभव मी दर शुक्रवारी चहाबरोबर वाचतो, पण खरं सांगू? करमणूक म्हणून. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. प्लांटवर एखादं रीडिंग विचित्र आलं की आधी सेन्सर तपासायचा, मग वायर, मग ज्यानं ते वाचलं त्याचे डोळे. भुताखेतांचा नंबर त्यानंतरही लागत नाही. घरात कुणी दृष्ट काढायला बसलं तरी माझी कटकट सुरू व्हायची, त्यावरून बायकोशी चांगलं वाजलेलं आहे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण दुसरीकडे कुठे बोलायची सोय राहिलेली नाही. नावं बदलली आहेत. मुलगी मराठी फर्डं बोलते, वाचायचा मात्र तिला कंटाळा. त्या भरवशावर लिहितोय.

मी कुवेतला मंगफमध्ये राहतो. समुद्रापासून दुसऱ्या रांगेतली बिल्डिंग, चौथा मजला, दोन बेडरूम. मूळचा नाशिकचा. बायको, वंदना, गेल्या वर्षापासून नाशिकलाच आहे. तिच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय, करणारं दुसरं कुणी नाही. एकुलती एक मुलगी ऋचा नेदरलँड्सला मास्टर्स करते. म्हणजे दोन बेडरूममध्ये मी आणि दिवसभर घरघरणारा एसी.

ऋचाचं सगळं लहानपण इथलं. आखातात ज्यांनी मुली वाढवल्या त्यांना सांगायला नको – शाळेची बस, आमची गाडी, मॉल, परत गाडी. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध आणायलाही आम्ही तिला कधी एकटीला सोडलं नाही. म्हणून जाताना एअरपोर्टवर तिनं एकच गोष्ट मागितली. फोनवर लोकेशन बघत बसायचं नाही, माझ्यावर नजर ठेवायची नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. आणि शब्द पाळला हो! ऑफिसातले काही बाप दिवसभर मोबाईलवर पोरांचा निळा ठिपका बघत असतात. मी त्या वाटेला गेलो नाही. कित्येकदा ती कुठे असेल या विचारानं घास गिळवला नाही, तरीही.

गेल्या उन्हाळ्यात परीक्षा संपली आणि बाईसाहेब पाठीला सॅक लावून एकट्याच लिस्बनला गेल्या. स्वस्तातलं हॉस्टेल, एका खोलीत अनोळखी पोरींबरोबर बंक बेड. रोज फोटो यायचे. पिवळ्या ट्राम, चढणीचे रस्ते, फुटपाथवर भाजले जाणारे मासे, भर चौकात नाचणारी माणसं. कधी नव्हे इतकी ती हसताना दिसायची. मी अंगठा पाठवायचो. काय लिहायचं ते सुचायचंच नाही.

तो शुक्रवार होता. इथे दुपारचे चार, म्हणजे तिकडे दोन. जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी बाजारातून, पापलेट आणले होते, ते साफ करत होतो. ऋचाचा फोन आला. व्हिडिओ नाही, साधा कॉल. आवाज दबलेला.

"बाबा, आई उचलत नाहीये. एक माणूस मगापासून माझ्या मागे येतोय. गल्लीत कुणीच नाही. तुम्ही फक्त बोलत राहा."

बोलायचं काय? मासे साफ करतोय, एकट्याला जास्तच झालेत, तू असतीस तर... असलं काहीबाही बडबडलो. आणि त्याच ओघात तोंडून निघालं, "पुढे जिना लागेल. उतरू नकोस. खाली वाट बंद आहे."

इथे जरा नीट सांगतो. मला काही दिसलं नाही. कुणाचा आवाज नाही, अंगावर काटा नाही, काही नाही. लाईट गेल्यावर आपल्या घरात हात बरोबर टॉर्चवर पडतो ना, तसं ते मला ठाऊक होतं.

"उजवीकडे वळ. निळ्या फरश्यांची भिंत लागेल, तिच्या कडेनं जा. चढ आहे, पळू नकोस, दम लागेल. वर हिरव्या दाराची बेकरी आहे. काउंटरच्या मागे पडदा आहे, त्याच्यामागे खुर्ची. विचारत बसू नकोस, सरळ जाऊन बस."

तिची धाप ऐकू येत होती. मग दाराची घंटी, एका बाईचा आवाज, परकी भाषा. ऋचा रडायला लागली. मग पडद्याच्या कड्या वाजल्या.

"बाबा, इथे खुर्ची आहे."

मी हो म्हटलं. फोन कट झाला.

पुढचं मला वंदनाकडून कळलं. तो माणूस दारापर्यंत येऊन निघून गेला. बेकरीवाल्या बाईनं हिला पाणी दिलं, खायला घातलं आणि स्वतः हॉस्टेलवर सोडून आली. मला ऋचाचा फोन आला तो पुढच्या आठवड्यात, आणि तो भांडायलाच. भांडताना ती इंग्लिशमध्ये जाते आणि मी मराठीत अडखळतो. तिचं म्हणणं असं, की मी तिच्या फोनमध्ये काहीतरी टाकून ठेवलंय आणि त्या दिवशी त्या रस्त्याचे फोटो कंप्युटरवर उघडून बसलो होतो. मी म्हटलं, अगं, मला कसं कळलं ते मलाच माहीत नाही. तर म्हणाली, निदान खोटं तरी बरं बोला. आणि शेवटी मराठीत आली.

"आयुष्यात पहिल्यांदा एका शहरात एकटी फिरत होते, बाबा. आणि तिथेही तुम्ही मागेच होतात. मग त्या माणसात आणि तुमच्यात फरक काय?"

त्यानंतर फोन बंद. वंदनाशी रोज बोलणं, मला मात्र मेसेजचंही उत्तर नाही. मी खरोखरच कंप्युटरवर लिस्बनचे रस्ते उघडून बसलो, शुक्रवारमागून शुक्रवार. निळ्या भिंती ढिगानं आहेत, पण एकही ओळखीची वाटली नाही. आणि पडद्यामागची खुर्ची रस्त्यावरच्या फोटोत कशी दिसेल? हे ऋचाच्या लक्षात आलं नसेल? पोरगी हुशार आहे, आलंच असणार. पण बाप चोरून नजर ठेवतो, हे माणूस समजू शकतो. दुसरं जे काही होतं, ते ना तिला झेपत होतं, ना मला.

दिवाळीला तिचा फोन आला नाही. वंदनानं पाठवलेलं फराळाचं पार्सल तसंच टेबलावर पडलेलं. घर इतकं खायला उठलं की मीच फोन लावला. नशिबानं तिनं उचलला. मी म्हटलं, "हो, टाकलं होतं तुझ्या फोनमध्ये. चुकलं माझं. आता काढलंय."

पलीकडे तिनं मोठा श्वास सोडला.

"थँक यू, बाबा. खरं सांगितलंत."

आता ती दर रविवारी फोन करते, तासतासभर बोलते. वंदना म्हणते, अहो, टाकलं होतंत ते बरंच झालं. मी मान डोलावतो. त्या दुपारी नेमकं काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि विचारायला माणूसही नाही.

गेल्या महिन्यात ती माद्रिदला गेली, पुन्हा एकटीच. निघताना हसत म्हणाली, आता मागे नाही ना? मी नाही म्हटलं. दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. माद्रिदची एकही गल्ली मला ठाऊक नव्हती.