मागच्या डावीकडचा स्पीकर

भिंतीवर लोंबणारी तार त्याला सदऱ्याबाहेर डोकावणाऱ्या बनियनसारखी वाटायची. कोणाच्याही घरी गेला, तरी पाण्याचा पेला हातात घेण्याआधी तिथला तिरपा बसलेला बटणांचा बोर्ड तो नजरेनं सरळ करून घ्यायचा. बरोबरच्या वायरमन मंडळींनी म्हणूनच, गवंडी भिंत सरळ आहे का बघतो त्या दोरीवरून, त्याचं नाव ओळंबा पाडलं होतं. बायको लवकर गेली. लोकांच्या घरातल्या तारा लपवत लपवत त्यानं एकुलती लेक वाढवली, आणि लेकीला सवय लागली ती परस्पर शब्द देऊन मोकळं व्हायची. "बाबा करतील."

सासरीही तिनं तेच केलं. नवऱ्याला बैठकीच्या खोलीत होम थिएटर हवं होतं, सासूबाईंना नको होतं. "घरभर तारांचं जाळं विणून कोळ्यासारखं मधे बसायचंय का?" त्या म्हणाल्या.

"एक तार दिसणार नाही, आई. भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. बाबा करतील."

आणि आज त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गिलावा होण्याआधीच त्यानं भिंतीत पाइप बसवले होते. पुढं तार ओढता यावी म्हणून प्रत्येक पाइपात सुतळी सोडून ठेवली होती. मग रंगारी येऊन गेला आणि आज स्पीकर आले. सुतळीला बांधून एकेक तार ओढली, ती लोण्यातून सुरी जावी तशी आली. मागच्या डाव्या स्पीकरच्या पाइपाचं तोंड मात्र कुठं दिसेचना. सगळीकडे गुळगुळीत, फिकट पिवळी भिंत. तोंड कुठं आहे त्याचं माप त्यानं लिहिलं होतं, पण पेन्सिलीनं, भिंतीवरच! ते रंगाखाली गेलं. ठोकून पाहिलं तर सगळीकडे सारखाच आवाज. पाइप इतका पक्का बसवला होता, की त्याचं काम आता त्यालाच दाद देईना.

विहीणबाई खुर्चीत शिवणकाम घेऊन बसल्या होत्या. "काय हो, भिंतीला खोकला झालाय का? मघापासून ठोकून बघताय."

"नाही, सहज आपलं."

त्यानं ड्रिल उचललं आणि परत खाली ठेवलं. नेम चुकला तर नवीन भोक, ते बुजवायला लुकणाचा लेप, त्यावर रंगाचं ठिगळ. ठिगळ भिंतीवर राहील, बोलणी मात्र लेकीला खावी लागतील, तीही जन्मभर.

विहीणबाई उठून जवळ आल्या. "लपवू नका. काय हरवलंय?"

"पाइपाचं तोंड."

 घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "ते मीच बुजवायला लावलं रंगाऱ्याला. बाकी भोकांवर झाकणं होती, ह्याच्यावर नव्हतं; मला वाटलं, तुम्ही एक भोक बुजवायचं विसरलात. म्हटलं, सुनेच्या नजरेला पडायला नको. बापाचं काम चुकलं म्हणून पोरीला वाईट वाटेल."

हसावं की रडावं, ओळंब्याला कळेना.

"कुठं होतं, ते आठवतंय?"

"तेवढं सोडून सगळं आठवतंय. थांबा जरा."

त्यांनी डोळे मिटले आणि कापडाची शिवण चाचपावी तशी भिंतीवरून बोटं फिरवली. सगळा जन्म शिलाईयंत्रावर गेला होता त्यांचा. खांद्याच्या उंचीवर बोटं थांबली. "इथं बघा. किंचित फुगीर लागतंय."

त्यानं टॉर्च भिंतीला आडवा लावला. नाण्याएवढ्या उंचवट्याची पुसट सावली पडली. चाकूचं पातं हलकेच फिरवलं, लुकणाचा खवला गळून पडला, आणि आत पाइप होता. सुतळी नव्हती.

"उपटून नेली मेल्यानं!"

"त्याला नका बोलू. 'हे लोंबतंय तेही काढ' असं मीच म्हटलं होतं," विहीणबाई म्हणाल्या. "आता?"

"आता तुमच्याकडचं दोऱ्याचं रीळ द्या. आणि व्हॅक्यूम क्लीनर आहे ना घरात?"

दोऱ्याच्या टोकाला त्यानं प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा बांधला आणि इकडून पाइपात सरकवला. दुसरं तोंड टीव्हीच्या मागं होतं. तिथं विहीणबाई क्लीनरची नळी पाइपाला दाबून उकिडव्या बसल्या.

"येईल का हो खेचून?"

"दाबा बटण, बघू."

क्लीनर घरघरला. त्याच्या हातातलं रीळ जागच्या जागी राहिलं, मग एकदम भिरभिरायला लागलं.

"आला! अहो, आला!" टीव्हीमागून विहीणबाई लहान पोरीसारख्या ओरडल्या.

दोऱ्यानं सुतळी ओढली, सुतळीनं तार. स्पीकर जोडून त्यानं टीव्हीमागच्या टोकाला बारकी बॅटरी टेकवली. पलीकडे भिंतीवरच्या स्पीकरमध्ये 'टक्' झालं, म्हणजे तार नीट पोचली होती. तो तिथंच फरशीवर बसला.  खरवडलेली जागा स्पीकरच्या पाठीमागं पूर्ण झाकली गेली होती.

संध्याकाळी लेक कामावरून आली, तेव्हा तो फरशीवर हत्यारं आवरत बसला होता. तिनं आधी भिंती पाहिल्या, कोपरा न् कोपरा, मग वडिलांचा चेहरा.

"बाबा, काही अडलं नाही ना?"

त्यानं तोंड उघडण्याआधीच विहीणबाई म्हणाल्या, "अडायला काय झालं? आम्ही दोघं होतो की."

लेकीनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. मग आल्यापासून खांद्याला घट्ट धरून ठेवलेली पर्स तिनं खाली ठेवली आणि बापाशेजारी फरशीवरच येऊन बसली.