चीडाच्या फळांचं पोतं

मी मुळात भित्री बाई आहे. गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघते, मोटारसायकलवर मागे बसले की नवऱ्याचा शर्ट मुठीत धरते. तुला भ्यायला कारण लागत नाही, असं तो म्हणतो आणि ते खरंच आहे. पण ज्या दिवशी खरोखर भ्यायला पाहिजे होतं, त्या दिवशी मी निवांत मांडी घालून पाइनकोनला पांढरा रंग लावत बसले होते.

भोकरदनला आम्ही नवं घर बांधलं होतं. दोन खोल्या, पण स्वतःच्या. समोरच्या खोलीची रिकामी भिंत मला खायला उठायची. मोबाइलवर एका बाईने रंगवलेल्या पाइनकोनचं तोरण केलेलं दिसलं आणि माझ्या डोक्यात तेच बसलं. दीर ट्रकवर असतो, सफरचंदं भरायला हिमाचलला जातो. येताना चार-दोन आण म्हटलं, तर त्याने पोतंभर आणली. तिकडे चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडाखाली पडलेली असतात, म्हणाला, कुणी विचारत नाही. दिसायला वाळलेल्या सीताफळासारखी, फक्त सगळे डोळे उघडलेले.

दोन दिवसांनी पोत्यातून बारीक तपकिरी किडे बाहेर पडायला लागले. सासरे त्या दिवशी आलेले होते. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. केदारखेड्याला त्यांची शेती आहे आणि किड्यांशी त्यांचं जन्माचं वैर. मी बघतो म्हणाले आणि पोतं घेऊन गावाला गेले. आठवड्याने ते पोतं गावातल्या दूधवाल्याच्या गाडीतून परत आलं, तोंड सुतळीने आवळून बांधलेलं. एकही किडा दिसत नव्हता. मी आबांचं मनातल्या मनात कौतुक केलं.

जानेवारीतला रविवार होता. नवरा जालन्याला कारखान्यात ड्यूटीवर गेलेला. बाहेर गार वारं सुटलं होतं आणि ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून मी दारं-खिडक्या लावून घेतल्या. माझी पोरगी तेव्हा तिसरीत होती. तिला ब्रश दिला, पोतं फरशीवर ओतलं. फळं धुळीने माखली होती, म्हणून ढिगावर पाण्याचे दोन हबके मारले आणि एकेक पुसायला घेतलं. थोड्या वेळाने भिजलेल्या फळांचे डोळे हळूहळू मिटायला लागले. पोरीला त्याचं फार हसू आलं. "आई, ही झोपायला लागली," ती म्हणाली.

खोलीत वास येत होता. लसणासारखा, जरा कुजकट. रंग स्वस्तातला होता, त्याचाच असेल असं मी धरून चालले. अर्ध्या-पाऊण तासाने पोरगी डोकं दुखतंय म्हणाली. मी रागावले. कुठलंही काम अर्ध्यावर सोडायची तुला सवय आहे, एवढी दहा संपव आणि मग ऊठ, असं तिला म्हटलं. तिने खरोखर दहा संपवली. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग ती तिथेच चटईवर आडवी झाली आणि भडभडा ओकली. माझंही डोकं जड झालं होतं, पण मी सकाळच्या खिचडीला दोष देत होते. ओकारी पुसायला फळं बाजूला सारली, तर त्यांच्यात एक पुडी सापडली. धोतराच्या फडक्याची, दोऱ्याने बांधलेली. हातात घेतली तर ओली होती आणि आतून राखेसारखं करडं पीठ बोटांना लागलं.

ती ओळखायला मला कुणाची गरज नव्हती. माझ्या माहेरी गव्हाच्या कोठीत किडीच्या औषधाच्या अशाच पुड्या असायच्या. कोठी उघडायच्या दिवशी आई आम्हाला सगळ्यांना अंगणात पिटाळायची आणि गहू उन्हात पसरल्याशिवाय घरात येऊ द्यायची नाही. त्या औषधाला पाणी लागलं की त्याचा विषारी वायू होतो, हे शेतकऱ्याच्या पोरीला शाळेत शिकवावं लागत नाही. आणि मी त्याच्यावर पाणी मारलं होतं, दारं लावून.

पोरीला उचलून मी अनवाणी रस्त्यावर आले. शेजाऱ्यांनी गाडी काढली. पोरीचे ओठ मला निळे दिसत होते. ते खरंच निळे होते की भीतीने तसे दिसत होते, आजही सांगता येत नाही. गाडीत बसल्या-बसल्या आबांना फोन लावला आणि पोत्यात काय टाकलं होतं ते विचारलं.

"दोन गोळ्या टाकल्या, गव्हात टाकतो तशा," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोतं कुठं उघडलं तू?"

खोलीत, दारं लावून, मी म्हटलं. त्यांना कळलं.

भोकरदनच्या डॉक्टरांनी पोरीला ऑक्सिजन लावला आणि थेट जालन्याला न्यायला सांगितलं. तो तासाभराचा रस्ता मी तिच्या छातीवर हात ठेवून काढला. छाती वर आली की मोजायचं, खाली गेली की पुढच्या आकड्याची वाट बघायची. मध्येच एक श्वास लांबला आणि मी अँब्युलन्सवाल्याच्या अंगावर ओरडले. त्याने बिचाऱ्याने काही केलं नव्हतं.

जालन्याच्या डॉक्टरीण बाईंनी गोळीचं नाव ऐकलं आणि माझ्याकडे वर मान करून बघितलं. पोरीला आत नेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे विचारलं, "घरात काही भांडण झालं होतं का?"

आमच्या भागात ती गोळी आणि घरातली सून एकत्र आली की लोक विष घेतलं नाहीतर दिलं असंच धरून चालतात. मी चीडाच्या फळांचं, किड्यांचं, तोरणाचं सांगायला लागले आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. पोरगी गेली तर सगळे म्हणतील, आईनेच दिलं. पोरगी आत श्वासासाठी झगडत होती आणि मी माझ्या नावाचा विचार करत होते. मला स्वतःची किळस आली. तरी तो विचार जाईना.

तेवढ्यात आबा आले. कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आले होते, टोपी वाटेत कुठे उडाली त्याचं भान नव्हतं. नवराही कारखान्यातून पोचला होता, पण आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते सरळ डॉक्टरीण बाईंपुढे उभे राहिले.

"म्या ठेवल्या गोळ्या. तिला काय बी माहीत न्हवतं. पोतं धाडलं आन् सांगायचं राह्यलं. माझं नाव लिव्हा."

बाईंनी लिहून घेतलं. आबांनी न वाचता सही केली आणि दाराबाहेर जमिनीवर बसून राहिले. पोरीने पाणी मागितलं हे कळेपर्यंत ते उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. पोरगी बरी आहे, आता पाचवीत आहे, धावते, भांडते, डोकं दुखतंय म्हणून शाळा बुडवते. मी तिला कधीच अडवत नाही.

आबा महिन्या-दोन महिन्यांनी येतात. तुरीच्या शेंगा, ज्वारी, कधी बोरं, काहीतरी आणतातच. पण पिशवी ते आत आणत नाहीत. दाराबाहेर ठेवतात, स्वतःच्या हाताने पायरीवर रिकामी करतात, उलटी करून झटकून दाखवतात आणि मग बाहेरच उभे राहतात. दवाखान्यात माझ्यावर येणारं बालंट या माणसाने स्वतःच्या अंगावर घेतलं, हे मी विसरलेले नाही. मी त्यांना आत या म्हणते. पण आधी शेंगांच्या ढिगात हात घालून तळापर्यंत बघते, आणि ते बघू देतात.