गाजर, गवत आणि माझे दोन गाल

सातवीनंतर शाळा सुटली आणि शिरपूरच्या वरचं, सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव सोडून मी जळगावला अक्कांच्या हाताखाली आले. अक्का घराच्या मागच्या खोलीत अत्तरं आणि चेहऱ्याला लावायची तेलं करतात. नात्याने त्या माझ्या कोणी नाहीत, तरी पानावर बसलं की आधी मला वाढतात. म्हणूनच मला कायम धाकधूक. आज काही सांडलं, फुटलं, तर उद्या ह्या बाई मला परतीच्या बसमध्ये बसवून देतील. त्या असं कधी म्हणाल्या नाहीत. माझं डोकंच तसलं आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक बारकी बाटली माझ्या नाकाखाली धरली. "सांग, कसाना वास शे?"

अत्तराच्या खोलीतली बाटली, म्हणजे मोगरा नाहीतर गुलाब असणार. मी पोटभर हुंगलं. वास आला तो नुकत्याच उपटलेल्या मुळाचा, मातीचा आणि वर सुक्या चाऱ्याचा.

"अक्का, हाई खराब व्हयी गयं."

अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते गाजराच्या बियांचं तेल होतं. गुलाबाखाली त्याचे एकदोन थेंब ठेवले की अत्तराचा गोडवा जमिनीवर येतो, आणि तिळाच्या तेलात अगदी थोडं घातलं की कोरड्या कातडीला बरं वाटतं, असं त्यांनी सांगितलं. "हात सैल सोडलास तर नवरी वखर हाकून आल्यासारखी वाटेल, ध्यानात ठेव."

गेल्या हिवाळ्यात अक्का आजारी बहिणीसाठी धुळ्याला गेल्या आणि तिकडून त्यांचा फोन आला. एका घरी लग्न होतं. नवरदेवाच्या आजी आमचं चेहऱ्याला लावायचं तेल बघणार होत्या. पसंत पडलं तर पाहुण्यांना द्यायच्या पन्नास बाटल्या आमच्या. "तूच जा," अक्का म्हणाल्या. रात्रभर माझा डोळा लागला नाही. ही ऑर्डर गेली तर मी कुठल्या तोंडाने अक्कांच्या घरात जेवणार?

आजी यावलकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. त्यांनी बाटली उघडली, हुंगली, नाक मुरडलं. "कसानं तेल शे, पोर?"

"गाजरना बियासनं, आजी."

आजींनी बाटली विंचू दिसल्यासारखी खाली ठेवली. "गाजर गवत?"

बांधावर माजणारं, पांढऱ्या फुलांचं ते गवत आमच्याकडे कोणाला माहीत नाही? पानं थोडी गाजरासारखी, म्हणून ते नाव. बाकी गाजराशी त्याचं देणंघेणं नाही. उपटणाऱ्याच्या हातांना मात्र कोपरापर्यंत पुरळ उठतं.

"नही आजी, खावानं गाजर!"

"खावाना गाजरले बिया येवालगून वावरमा कोन ठेवस? आम्ही ते आधीच खाई टाकतस."

खरं सांगायचं तर क्षणभर मलाच शंका आली. पण पन्नास बाटल्या डोळ्यांसमोर नाचत होत्या. मी बोटभर तेल घेतलं आणि डाव्या गालाला चोळलं. "आठेच बसस मी. खाज उनी तर बठ्ठं लई जासू." खाज आली तर सगळं परत न्यायची, अशी माझी पैज.

मग काय, माझा गाल त्या घराची करमणूक झाला. सुना येऊन बघून गेल्या. शेजारच्या काकू चष्मा घेऊन आल्या. दुपारी आजी म्हणाल्या, "उपाशी काय बठशी?" आणि पुढ्यात शेवभाजी आली. तिसऱ्या घासाला माझ्या कानांतून धूर निघायचा बाकी होता.

"लाल व्हयनी! लाल व्हयनी!" धाकटी सून ओरडली.

मी हातातला घास खाली ठेवला. आजी काठी टेकत आल्या, माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

"कोन्ता गालले लायेल व्हतं?"

"डावा."

"मंग जेवना का लाल शे?" जेवत्या हाताच्या, उजव्या गालावर बोट ठेवून त्यांनी विचारलं. मग वाटीत डोकावल्या आणि स्वयंपाकघराकडे वळून गरजल्या, "भाजीमा तिखट कोनी टाकं वं?"

संध्याकाळपर्यंत माझ्या नाकातलं पाणी सोडलं तर कुठे काही झालं नाही. निघताना आजींनी स्वतःच्या मनगटाला थेंबभर लावून घेतलं. "सकाय सांगसू." सकाळी फोन आला. खाज नाही. बाटल्या पाठवा, पण चिठ्ठीवर कोणतं गाजर ते लिहा. त्यांचे सगळे पाहुणे शेतकरी होते.

धुळ्याहून आलेल्या अक्का चपला काढतात तोवर मी सगळं सांगून टाकलं. आधी ओरडा खाल्ला. "अगं, मनगटाला लावून एक दिवस थांबायचं असतं. सरळ तोंडाला फासलंस? चेहरा गेला असता तर तुझ्या आईला काय सांगितलं असतं मी?" आईचं नाव काढल्यावर मी रडले. अक्कांनी माझा डावा गाल उजेडात धरून नीट पाहिला, आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

सातवी शिकलेल्या हाताने मी पन्नास वेळा लिहिलं, 'खायच्या गाजराच्या बियांचं तेल'. अक्कांनी एकेक वाचून बाटलीला चिकटवली.