दत्तराव फिटरचे सांधे

पूर्णेच्या यार्डात दत्तराव फिटरचा हात लागला की मेलेली तारही उठून बसायची. पॅसेंजरच्या एका डब्याखाली डायनामो आणि त्याच्याच जिवावर शेजारच्या डब्याचे दिवे. मधल्या तारेला इतके सांधे मारलेले, की त्यात मूळ तार कुठं आहे हे दत्तरावांनाही सांगता आलं नसतं. पण दिवे लागत. अंधारात नामांतरावर तावातावानं भांडणारे प्रवासी उजेडात एकमेकांची तोंडं दिसली की गपचूप पेपर उघडत.

इतकं चांगलं काम करणं हीच दत्तरावांची चूक. नव्या तारेची मागणी दरवर्षी वर जाई आणि 'दिवे चालू आहेत, तार नको' असा शेरा घेऊन खाली येई. एकदा तर वरून शाल आली. मेल्यांना तार द्यायचं सुचलं नाही!

त्या उन्हाळ्यात सेलूच्या अलीकडं एक सांधा पेटला. डब्यात धूर झाला, साखळी ओढून माणसांनी दारातून उड्या टाकल्या. त्यांत दत्तरावांची लेक मनकर्णाही होती. सेलूच्या शाळेत बाई होती ती. कोपर खरचटण्यावर निभावलं, पण दत्तराव त्या दिवशी जेवले नाहीत.

आठवड्यानं मोठे साहेब तपासणीला आले. दत्तरावांनी सकाळीच सगळे सांधे सोडून ठेवले होते. साहेबांनी पॅसेंजरच्या त्या डब्यात चढून बटण दाबलं. एक दिवा लागेल तर शपथ.

"हे काय, दत्तराव?"

"साहेब, ही तुमची तार हाय. आजपोतर बघितली ती माझी होती. ह्या डब्यात माझी लेक बसती. नवी तार द्या, मंग मला घरी बसवा."

साहेबांनी नव्या तारेच्या मागणीवर जागेवरच सही केली. महिनाभरानं तारेचं कोरं भेंडोळं पूर्णेत उतरलं. सोबत हुकूम: नवी तार साहेबांच्या खास डब्याला लावावी, तिथली जुनी निघेल ती पॅसेंजरला. सांधे दत्तरावांनीच मारावेत.

दत्तरावांच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. घरी येऊन लेकीला म्हणाले, "उद्यापासून एसटीनं जात जा, बाई."

"आन् बाकीच्या लोकायनं, बाबा?"

दुसऱ्या दिवशी दत्तरावांनी नवी तार पॅसेंजरला ओढली. मग साहेबांच्या डब्याखाली शिरून तिथली जुनी तार नीट सांधली आणि रजिस्टरात हुकुमाबरहुकूम सगळं लिहिलं.

साहेब बेहद्द खूश आहेत. येईल त्याला सांगतात, नव्या तारेचा उजेडच निराळा.