सुटला का?

सापाला, भुताला, सासुरवाडीला भिणारी माणसं पुष्कळ असतात. पण नळीत भरलेल्या पांढऱ्या पुडीला भिणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साहेब निघाला. अंधेरीतल्या आमच्या लॅबचा धंदा म्हणजे औषधांसाठी नवे रेणू बनवायचे आणि त्यांतली घाण वेगळी काढायची. काचेच्या उभ्या नळीत सिलिकाची पूड भरायची, वर माल घालायचा, सॉल्व्हंट ओतत राहायचं. घाण मागे अडकते, माल खाली सुटतो. याला कॉलम म्हणतात. मी डोळे झाकून कॉलम लावणाऱ्यांतला, त्यामुळे माझा बराच माल आजवर मोरीत गेलेला आहे. सर मात्र त्या नळीकडे विहिरीत डोकावल्यासारखे बघत. "आत गेलेला परत येतो असं कुठं लिहिलंय?" ही भीती रसायनापुरती नव्हती. नव्या हॉटेलात शिरण्याआधी ते बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे न्याहाळत. गोराईच्या सहलीला तर पलीकडून माणसांनी भरलेली बोट परत येईपर्यंत त्यांनी सगळ्या लॅबला धक्क्यावर उन्हात उभं केलं होतं.

तर अशा माणसाच्या हाती कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा, चमचाभर उरलेला माल होता. तो गेला तर काम बंद आणि आमचा गट मोडणार, हे वरून स्पष्ट कळवलेलं. आणि त्याच आठवड्यात सरांचे वडील, नाना, घाटकोपरच्या हॉस्पिटलात आयसीयूत. सर फोनवर कुजबुजले, "कॉलम लावू नकोस हं. सिलिका खाते."

"मग मशीनवर टाकतो, सर." मशीनही घाण वेगळी काढतं, पण वेगळ्या पुडीतून आणि पाण्याच्या दाबानं.

"मशीनमधून तो पाण्यातून येतो. पाणी उडवताना जळला तर?"

"मग काय करू, मालाला घरी नेऊ?"

"आधी प्लेट फिरव."

ही त्यांची आवडती परीक्षा. सिलिका लावलेल्या चौकोनी पट्टीच्या कोपऱ्यात मालाचा ठिपका द्यायचा, सॉल्व्हंट चढू द्यायचा, मग पट्टी आडवी फिरवून पुन्हा तेच. माल धड राहिला तर सगळे ठिपके एका तिरक्या रेषेत येतात. मी हसत हसत फिरवली. रेषेबाहेर एक ठिपका बसला होता. सिलिका खरंच माल तोडत होती, आणि मी तर नळी भरूनही ठेवली होती. मी लगेच सरांना कळवलं.

"मग मशीन. आधी चिमूटभरच पाठव," सर म्हणाले. "आणि पाणी तापवायचं नाही, गोठवून काढायचं."

चिमूट गेली. माल बाहेर पडला की मशीनच्या पडद्यावरची रेघ वर चढते; ती सपाट. मी त्या सपाट रेघेकडे बघत होतो, आणि घाटकोपरला सर कुठल्या रेघेकडे बघत असतील ते कळत होतं. मग ती वर चढली. पाणी गोठवून काढलं, माल धड निघाला; मग बाकीचाही पाठवला, तोही आला. मी सरांना फोन लावला. उचलला सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी.

"काकू, सुटला. सगळा सुटला. सरांना सांगा, आता घाबरायचं काही राहिलं नाही."

"अरे, मोठ्या माणसाला सुटला काय म्हणतोस? सुटले म्हणावं," आणि काकूंनी हंबरडा फोडला.

सरांनी फोन घेतला. "कोण सुटलं?"

"माल, सर."

"अगं, नाना नाही, माल!" असं त्यांनी काकूंना सांगितलेलं ऐकू आलं. मग, "शुद्ध?"

"रेघेला एकच उंचवटा."

"एक दिवस माझा जीव घेशील तू."

गट टिकला. नानाही आयसीयूतून चालत बाहेर आले, आणि सर त्यांचा चेहरा पुढे कित्येक दिवस न्याहाळत होते. परवा सकाळी मात्र त्यांचाच फोन आला. "नाना सुटले रे." माझ्या तोंडाशी त्यांचाच 'शुद्ध?' हा प्रश्न आला, मी तो गिळला. पण सरांनी तो ऐकला असावा.

"अगदी स्वच्छ," ते म्हणाले. "मागे काही राहिलं नाही."

इतकं म्हणूनही त्यांनी फोन काही ठेवला नाही. मीही ठेवला नाही.