रजिस्टरमध्ये आया

“हिने दिलं इंजेक्शन. मला न विचारता. आया आहे ही आमची. पोलीस केस झालेली बाई, दया आली म्हणून ठेवली.”

नाशिकच्या त्या खाजगी दवाखान्यात डॉक्टर वॉर्डाच्या मधोमध उभे राहून हे बोलले. भरलेल्या वॉर्डासमोर. माझ्याकडे बोट करून. खाटेवर सायखेड्याचे एक म्हातारे बाबा धापा टाकत होते. अंगभर लाल गांधी उठलेल्या. त्यांचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला. “काय टोचलं गं माझ्या बापाला?”

एवढं बोलून डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन माझ्याच हातात दिलं. कारण बाबांची शीर दुसऱ्या कुणाला सापडत नव्हती.

मी आया नव्हते. तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स केलेली, पहिल्या वर्गात पास झालेली, नोंदणी असलेली नर्स होते. कोर्सच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत हरसूलकडे आमच्या पाड्यावर गेले होते. आईच्या डोक्यावर सरपणाची मोळी होती. जंगलाच्या गार्डाने तिला अंबाड्याला धरून खाली पाडलं. माझ्या हातात कोयता होता. कोयत्याची मूठ मी त्याच्या मनगटावर हाणली. बस. एवढंच. सरकारी कामात अडथळा, मारहाण. वकील म्हणाले, “कबूल कर, दंडावर सुटशील.” मी कबूल केलं. कोर्ट उठेपर्यंत उभी राहिले, दंड भरला. वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय? नोकरीच्या प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असायचा, कधी गुन्हा दाखल झालाय का? मी खरं लिहायचे. सिन्नरला एकाने फॉर्म वाचून माझी सर्टिफिकेटं टेबलावरून बोटाने परत ढकलली. दुसऱ्या ठिकाणी मॅट्रन हसून म्हणाली, “पेशंटला पण मारशील का गं?” बाकीच्या मुली हसल्या. त्यांतल्या दोघी माझ्याच वर्गातल्या.

शेवटी या डॉक्टरांनी ठेवलं. रजिस्टरमध्ये आया म्हणून. पगार आयाचा, काम सिस्टरचं. सलाईन मी लावायची, इंजेक्शन मी द्यायची, सही दुसरीने करायची. आयाचं काम हलकं नसतं, माझ्या मावशीने जन्मभर तेच केलं. पण माझं शिक्षण त्यांना हवं होतं आणि माझं नाव नको होतं. हे मी सहा वर्षं गिळलं. सहा वर्षं!

त्या दिवशी सकाळी मी विचारलं होतं, “सर, आधी टेस्ट डोस देऊ का?” ते म्हणाले, “गर्दी बघ किती आहे. दे पटकन.” आणि मी दिलं. ते मला अजून खातं.

तासाभराने बाबांचा श्वास थाऱ्यावर आला. मग मला केबिनमध्ये बोलावलं. बाबांचा मुलगा तिथेच खुर्चीत बसलेला. डॉक्टरांनी कागद पुढे केला. मी स्वतःच्या मनाने इंजेक्शन दिलं, असं त्यावर लिहिलेलं.

“सही कर. पोलिसांना कळवत नाही. तुझ्यावर आधीच एक केस आहे, विचार कर.”

क्षणभर पेन हातात घेतलंही. पुन्हा कबूल म्हणायचं? न केलेल्या गोष्टीला?

पेन खाली ठेवलं. म्हटलं, “बोलवा पोलीस. आणि यांना केसपेपर दाखवा. औषध कुणाच्या अक्षरात लिहिलंय ते बघू दे.”

“तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

“माझ्यावर नका ठेवू. कागद वाचा.”

मुलगा खुर्चीतून उठला. मग डॉक्टरांना म्हणाला, “दाखवा ना कागद. लय झालं आता.”

डॉक्टरांनी कागद दाखवला नाही. पोलीसही बोलावले नाहीत. मला मात्र त्याच दुपारी काढलं. मुलाने बापाला दुसरीकडे हलवलं.

त्यानंतर जिथे जाईन तिथे माझ्याआधी माझी बातमी पोचलेली. दोन जागी पुन्हा तेच सांगितलं, “आया म्हणून ये.” घरात चूल थंड होती, तरी मी नाही म्हटलं. आईने विचारलं, “किती दिवस अशी बसशील गं?” मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही.

पण एक पक्कं आहे. जे काम माझे हात करतील, त्याखाली सही माझी असेल. नसेल, तर त्या कामाला मी हात लावणार नाही.